कॉलेजातली मंडळं, शिबिरं… कोणाला काय आठवतंय?

माळ्यावरची ट्रंक काढली आज, गणपतीची आवराआवर. तळाशी एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा बॅज! कोणार्कचं चाक, आठ आरे म्हणजे आठही प्रहर सेवा. पिनेला गंज चढलाय, लाल-निळा रंग मात्र तसाच. दोन वर्षांत 240 तास भरायचे असायचे. डिसेंबरात सात दिवसांचं शिबिर, संगमेश्वरकडची एक वाडी. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, आत माती, तोंड सुतळीनं शिवायचं. संध्याकाळी पाणी गुडघाभर चढलं. वाडीतल्या एका आजीनं गोणीवर पाय दाबून बघितला न् म्हणाली, "ऱ्हाईल हां." त्या वर्षी एवढं कौतुक पुरलं. लिहा तुमचंही.

करवंद: आमच्याकडे मुलगे गोण्या उचलणार, मुली भाकऱ्या थापणार. सरांशी भांडून आम्ही दोघी गेलो पऱ्यावर. हाताला फोड आले. रात्री भाकऱ्याही आम्हीच थापल्या, ते वेगळं.

बाकावरचा शेवटचा: मी फक्त 10 ग्रेस मार्कांसाठी. अकाउंट्सला 6 कमी पडत होते. जय एनएसएस 🙏

शाईचा डाग: वाङ्मय मंडळ, रत्नागिरी. भित्तिपत्रक लावायचं कधी, तर जुलैत! खळ लावून चिकटवायचो, चार दिवसांत कागद पोपड्यासारखा लोंबायला लागायचा. माझ्या कवितेची शाई ओघळली, शेवटच्या चार ओळी गेल्या. सर म्हणाले, आता बरी झालीय 😂

व्हाळाकडचो: माका पिठी आठवता. शिबिरात सात दिवस कुळथाची पिठी न् भात. आठव्या दिवशी घराक इलंय तर आयशीन काय केलेला? पिठी!!

करवंद: दादा, पिठीत सोलं घालता का हो तुम्ही?

व्हाळाकडचो: घालतंव तर. तिरफळा नाय हां, ती बांगड्याक.

ओहोटी: निसर्ग मंडळाबरोबर वेळासला गेलेलो, कासवाची पिल्लं बघायला. पहाटे उठून किनाऱ्यावर. कार्यकर्त्यांनी घरट्यावरची टोपली उचलली, आत नुसती वाळू. संध्याकाळी परत गेलो, वाळू. आम्ही एसटीत बसलो त्या दिवशी पिल्लं निघाली म्हणे.

बाकावरचा शेवटचा: @ओहोटी त्यांना तुमची हजेरी घ्यायची नव्हती

धागाकर्ती: 😂😂 उद्या पिठीच करते, सोलं घालून. ट्रंक अजून पडवीतच आहे, सासूबाईंनी दोनदा विचारलं.