'क्रिंज' कोणाला म्हटले जाते?

धागाकर्ता:
'क्रिंज', म्हणजे पाहणाऱ्यालाच ओशाळे वाटावे असे काही, हा इंग्रजी शब्द मराठी तरुणांच्या बोलण्यात इतका रुळला आहे की लग्नातल्या उखाण्यापासून पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपर्यंत तो कशालाही लावला जातो. माझा आक्षेप तो परका असण्याला नाही, तर ज्यांच्यावर तो फेकला जातो त्या निवडीला आहे. मे २०२० मध्ये यूट्यूब आणि टिकटॉक यांच्या चाहत्यांत जुंपली होती. तेव्हापासून २९ जूनला टिकटॉकवर बंदी येईपर्यंत हा शिक्का, निदान माझ्या पाहण्यात, मुख्यतः खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींवर बसत होता. बांधावर नाचणारा मुलगा क्रिंज ठरतो, तेच हावभाव बालीच्या किनाऱ्यावर केले की कौतुकाचे होतात.

प्रतिसाद १:
असहमत. वापर दुष्ट असू शकतो, पण अर्थ मोलाचा आहे. 'लाजिरवाणे' म्हटले की दोष करणाऱ्याकडे जातो. क्रिंजमध्ये करणारा खुशाल असतो आणि अंग चोरतो तो पाहणारा. दुसऱ्याच्या वतीने वाटणाऱ्या या संकोचाला जर्मन भाषेत 'फ्रेम्डशेमेन' असा स्वतंत्र शब्द आहे. 'बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखे झाले' असे आपण म्हणतो खरे, पण ते अख्खे वाक्य झाले. शिवाय कार्यालयाच्या स्नेहसंमेलनात साहेबांनी गायलेले रॅपही क्रिंजच असते, आणि साहेब काही गरीब नसतात.

धागाकर्ता:
साहेबांचे उदाहरण मान्य, पण त्यांच्याबद्दल हा शब्द त्यांच्या पाठीमागे उच्चारला जातो. खेड्यातल्या मुलीला तो थेट तिच्या व्हिडिओखाली, हजारोंच्या देखत ऐकवतात.

प्रतिसाद २:
ए. ए. फिलिप्स या ऑस्ट्रेलियन समीक्षकाने १९५० मध्ये 'कल्चरल क्रिंज' ही संज्ञा मांडली, ती आपल्या देशातले लेखन आणि कला इंग्लंडपुढे हलकीच असणार, या तेथील न्यूनगंडासाठी. उखाण्याला नाक मुरडणाऱ्या आपल्या पुण्यामुंबईच्या मुलांना ती नेमकी लागू पडते. त्यांना खुपतो तो उखाण्याचा दर्जा नव्हे, तर तो आपल्या घरातला आहे ही गोष्ट.

प्रतिसाद १:
मग हीच मुले आपल्या शाळकरी वयातल्या, भरपूर फिल्टर लावलेल्या इंग्रजी पोस्टनाही हसत हसत क्रिंज म्हणतात, त्याला कोणता न्यूनगंड म्हणायचे?