रविवारचं ब्लड कलेक्शन : नावं द्या

मोहिते (सेक्रेटरी): रविवारी सकाळी ७ ते ९ लॅबचा माणूस घरी येऊन रक्त नेईल. शुगर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल + आतड्याच्या कॅन्सरची तपासणी. उपाशीपोटी. १० नावं झाली तर डिस्काउंट. नावं द्या.

सुनंदाताई बी-४०३: मोहिते भाऊ, कॅन्सरची तपासणी म्हणजे नेमकी कोणती? परत ती सीईए नावाची रक्ताची चाचणीच ना? आमच्याकडे काय झालं ते विसरलात का?

नितीन ए-१०१: रविवारी उपाशी? नाशकात? मिसळ कधी खायची मग 😄

कुलकर्णी काका: घरबसल्या होतंय तर करून घ्यावं. उगाच फाटे कशाला.

सुनंदाताई: काका, ह्यांचं सीईए नॉर्मल आलं होतं. त्या कागदावर विसंबून सहा महिने मूळव्याधीचं मलम लावत बसलो. हिमोग्लोबिन ९ वर आलं तेव्हा कुठे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) केली, आणि गाठ निघाली. फाटे नाहीत हे.

मोहिते: रविवारी ७ ते ९. आतापर्यंत ४ नावं.

देशमुख सी-५०१: लॅबवाल्याची गाडी व्हिजिटर पार्किंगला लावा. मागच्या वेळी माझ्या जागेत होती.

मोहिते: नव्हती. सीसीटीव्ही बघून जा.

डॉ. अदिती सी-२०२: ताई बरोबर सांगतायत. सीईए ही निदान झालेल्या पेशंटवर ऑपरेशननंतर लक्ष ठेवायला असते. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बरेचदा नॉर्मल येते आणि सिगारेट ओढणाऱ्यांची उगाच वाढलेली दिसते. कृपया स्क्रीनिंग म्हणून, म्हणजे त्रास नसताना कॅन्सर शोधायला, करू नका.

वैशाली ए-३०४: पण रक्तावरून कॅन्सर कळतो असं वाचलं होतं.

डॉ. अदिती: ती वेगळी. शील्ड नावाची. अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली, ४५ च्या पुढच्यांसाठी. रक्तात सुटलेला गाठीचा डीएनए शोधते. १०० कॅन्सरपैकी साधारण ८३ सापडले. पण कॅन्सर व्हायच्या आधीचे मोठे पॉलिप (आतड्याच्या आत वाढणारे कोंब) १०० पैकी १३च. खरा फायदा तर पॉलिप आधीच काढण्यात असतो, कारण त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. पॉझिटिव्ह आली तरी कोलोनोस्कोपी करावीच लागते.

वैशाली: मग घरी करता येईल असं काहीच नाही?

डॉ. अदिती: आहे ना, फिट नावाची तपासणी. शौचाचा छोटा नमुना घरीच घ्यायचा, त्यात न दिसणारं रक्त शोधतात. उपास नाही, पथ्य नाही. दरवर्षी करायची. इंग्लंडमध्ये किट पोस्टाने घरी येतं.

नितीन: जेवायच्या वेळेला हे 🙏

सुनंदाताई: नितीन, लाजेपायीच आमचे सहा महिने गेले रे.

नितीन: सॉरी ताई.

देशमुख: गंगापूर धरण भरलंय तरी आपल्याकडे टँकर का? यावर कोणी बोलत नाही.

मोहिते: रविवारी ७ ते ९. ६ नावं.

सुनंदाताई: मोहिते भाऊ, शुगर-थायरॉईड खुशाल करा. कॅन्सरची ओळ तेवढी काढा. हात जोडून सांगते.

डॉ. अदिती: आणि एक. संडासला रक्त पडतंय, पोटाची सवय बदललीय, वजन किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना उतरतंय, तर फिटचीही वाट बघू नका. थेट डॉक्टरकडे. ताई, तुमच्या रोहनने चाळिसाव्या वर्षीच कोलोनोस्कोपी करायला हवी, वडिलांना झालाय म्हणून.

सुनंदाताई: सांगितलंय त्याला. ऐकत नाही. तूच बोल.

मोहिते: ओळ काढून नवीन मेसेज टाकतो.

कुलकर्णी काका: अदिती, संध्याकाळी घरी आहेस का? जरा येऊन जातो. ग्रुपवर नको.

सुनंदाताई: काका, काकूंनाही सोबत न्या.