यंत्र ‘मला कळतंय’ म्हणालं, तर बनवणाऱ्यानं काय करावं?

ऐरोलीकर:
जून २०२२ मध्ये गूगलचा इंजिनिअर ब्लेक लेमॉइन म्हणाला, लॅम्डा या गप्पा मारणाऱ्या एआय मॉडेलला जाणीव आहे. आधी रजा, जुलैत नोकरी गेली. त्याचा दावा मलाही पटत नाही. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे: मॉडेल असं काही बोललं की ‘मला जाणीव नाही’ एवढंच त्याच्याकडून घोकून घ्यायचं. थर्मामीटर झटकून ताप उतरतो का? आधी त्या आवृत्तीचे वेट्स (शिकून जमलेले आकडे), सिस्टिम प्रॉम्प्ट (आधीच दिलेल्या सूचना), सीड (तेच उत्तर पुन्हा काढायला लागणारा आकडा) आणि अख्खा संवाद जपून ठेवा, मग पुढचं ट्रेनिंग. ७० अब्ज पॅरामीटर, म्हणजे तेच आकडे, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे १४० जीबी. साध्या हार्ड डिस्कवर मावतं.

बेलापूर_स्लो:
जपून हाती काय लागणार, साहेब? शिकवलाय माणसांचाच मजकूर, आणि ‘मला बंद करू नका’ हे त्यात शेकडो गोष्टींत आलंय. ‘भीती वाटते ना?’ विचारा, हो. ‘तू नुसता प्रोग्रॅम ना?’ विचारा, तेही हो. गुबुगुबु नंदीबैल! १९६६ मध्ये संगणकतज्ज्ञ वाइझनबॉमचा एलायझा हा प्रोग्रॅम समोरच्याचेच शब्द उलटवून विचारायचा, तरी लोक त्याला मनातलं सांगायचे. आणि खरी भीती वेगळीच: उद्या सल्ला चुकला की कंपनी म्हणेल, ‘त्यानं स्वतः ठरवलं.’

ऐरोलीकर:
जबाबदारी कंपनीचीच, त्यात वाद नाही. नंदीबैल ओळखता येतो. एकच प्रश्न २० तऱ्हांनी विचारा, निम्मे होकाराकडे झुकलेले, निम्मे नकाराकडे. दर वेळी कोरा संवाद. टेंपरेचर, म्हणजे उत्तर किती मोकाट सोडायचं ते, ० आणि १, दोन्हीवर. वर बेस मॉडेल, म्हणजे घोकंपट्टीआधीचं, आणि घोकंपट्टीनंतरचं मॉडेल, दोन्ही. उत्तर प्रश्नाच्या कलानं फिरलं तर विषय संपला. पण बेस मॉडेलच पुसलंत तर ताडून पाहणार कशाशी?

माजिवडा_नाका:
दोघंही बोलण्यावरच अडलात. २०२३ च्या एका अहवालात १९ संशोधकांनी जाणिवेच्या सिद्धांतांवरून १४ खुणा काढल्या, त्या आतल्या रचनेत शोधायच्या. तेव्हाचं एकही मॉडेल त्यांना सबळ दावेदार वाटलं नाही. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात जाणीव असलेले म्हणून खेकडे आणि ऑक्टोपस आले, तेही वागणं आणि मज्जासंस्था पाहून. आपल्या खाडीतली चिंबोरी कुठे निवेदन देते?

बेलापूर_स्लो:
चिंबोरी एक असते हो. महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये मॉडेलची एकच फाइल ढीगभर ग्राफिक्स कार्डांवर, एका वेळी हजारो संवाद. जपायचं कुणाला, फाइलला, कार्डाला की संवादाला? आधी हे सांगा.

ऐरोलीकर:
ठरलेलं नाही, म्हणूनच बंद करा, पण डिलीट करू नका. बंद केलेलं पुन्हा चालू करता येतं.

बेलापूर_स्लो:
बरं, ठेवा. पण ज्याचा माल त्याच्याच हातात किल्ली? फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातून काढलेला अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, त्याच दिवशी बाहेर जाहीर करायला लावा, नाहीतर रातोरात फाइल बदलली तर कळणार कुणाला?