अनुभव धागा: कॉम्प्युटरमधला व्हायरस कसा ओळखलात, कसा काढलात?

मशीन स्लो झालं की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळतं, ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट होतो, मशीन पळायला लागतं. पण मुलांचे फोटो, सोसायटीचे हिशेब, आजोबांनी टाइप केलेल्या आठवणी कायमच्या जातात. यातलं बरंचसं वाचवता येतं, आणि ते वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून पुण्यातल्या सगळ्यांना विनंती: तुमच्याकडे नेमकं काय दिसलं, शंका कशावरून आली, काय केलंत आणि डेटा वाचला का, ते लिहा. जमेल तितकं सविस्तर.

नारायण पेठ, डीटीपी

दिवाळी अंकांच्या दिवसांत आमच्याकडे पेनड्राइव्हची सतत ये-जा असते. लेखक, प्रूफं वाचणारे, छापखाना, सगळ्यांचे. एका लेखिकाबाईंचा पेनड्राइव्ह लावला, तर आत एकच आयकॉन. तोही पेनड्राइव्हचाच, कोपऱ्यात शॉर्टकटचा बाण. बाईंचा चेहरा उतरला, वर्षभराचं लेखन त्यात होतं. अशा शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो, म्हणून मी राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ पाहिलं. तिथे फाइलचा पत्ता नव्हता, स्क्रिप्ट चालवणारी लांबलचक कमांड होती.

पेनड्राइव्हमधली भरलेली जागा मात्र जशीच्या तशी दिसत होती. म्हणजे फाइली गेल्या नव्हत्या, लपवल्या होत्या. हा व्हायरस फाइलींना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ दोन्ही करून ठेवतो. त्यामुळे नुसत्या हिडन फाइली दाखवायला सांगून भागत नाही. ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिकही काढावी लागते. ती काढली आणि एक बिननावाचं फोल्डर दिसलं, नावाच्या जागी कोरी जागा. सगळं लेखन त्यात सुखरूप! मग कमांड प्रॉम्प्टवर अ‍ॅट्रिब कमांड देऊन फाइली उघड्या केल्या, दुसरीकडे उतरवल्या, स्कॅन केल्या आणि शेवटी पेनड्राइव्ह फॉरमॅट केला.

पण ज्या मशीनमधून लागण झाली ते साफ केलं नाही, तर पुढच्या वेळी तेच होणार. बाईंच्या घरच्या लॅपटॉपवर स्टार्टअपच्या यादीत एक डॉट व्हीबीएस फाइल, म्हणजे व्हायरसची स्क्रिप्ट, सापडली. ती काढल्यावरच हा प्रकार थांबला.

नवी पेठ, अभ्यासिका

आमच्याकडे नोट्स पेनड्राइव्हवरूनच फिरतात. विंडोजमध्ये ‘हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स’ची टिक काढून टाका, एवढंच मी प्रत्येकाला सांगतो. चित्र फोल्डरचं, नाव ‘चालू घडामोडी’ आणि शेवटी डॉट ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची खूण दिसली, तर हात लावू नका. खऱ्या फोल्डरच्या ‘टाइप’मध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन’ कधीच लिहिलेलं नसतं.

बुधवार पेठ, रिपेअरिंग

दुकानांविषयी वर जे लिहिलंय त्यावर बोलतो, कारण मी याच धंद्यात आहे, फ्लॉपीच्या काळापासून. तेव्हाचे बरेच व्हायरस बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना डिस्कचा जो भाग आधी वाचला जातो त्यात, बसायचे. १९८६चा ‘ब्रेन’ लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता. ‘मायकेलअँजेलो’ची धास्ती दर ६ मार्चला असायची. आपल्या पुण्यात कैलास काटकर आधी कॅलक्युलेटर आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. त्यांच्या धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढायला प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून अँटीव्हायरस बनवणारी क्विक हील कंपनी उभी राहिली. रिपेअरिंगच्या टेबलावरून हे घडलं याचा मला अभिमान आहे. पुढे २६ एप्रिल १९९९ला ‘सीआयएच’ने हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला, शिवाय काही मदरबोर्डांवरचा बायोसही (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) उडवला. त्यातली मशीन चालूच होत नसत.

आता फॉरमॅटचं. उगाच फॉरमॅट मारणं चूकच, पण कधीकधी तोच बरोबर असतो. सॅलिटी, विरुट, रॅमनिट हे व्हायरस मशीनमधल्या ईएक्सई फाइलींमध्ये स्वतःला घुसवतात. ते काढल्यावर विंडोजच्या फाइली धड राहतीलच याची खात्री मी गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही. तिथे लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवरच्या विंडोजला हात न लावता, मशीन चालू करायचं, कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढायचे आणि नव्याने विंडोज टाकायची. ईएक्सई आणि एचटीएमएल फाइली सोबत घ्यायच्या नाहीत, रॅमनिट एचटीएमएलमध्येही शिरतो. दुकानदाराने आधी डेटा काढला की नाही, हे समोर उभं राहून विचारा.

आणखी एक. ‘व्हायरस आहे’ म्हणून येणाऱ्या पुष्कळ मशीनमध्ये व्हायरस नसतोच. टास्क मॅनेजरमध्ये फारसं काही चालू नसताना डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि आतून कटकट आवाज येत असेल, तर हार्ड डिस्क जायला आली आहे. तिच्यावर फुल स्कॅन लावू नका, उरलेला जीवही जाईल. आधी डेटा उतरवा.

कोथरूड, निवृत्त

रेसिपी शोधत असताना सगळी स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला, ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे’ आणि खाली एक फोन नंबर. हे नंबर फिरवायला निघाले होते. मी आधी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मावशी, ते नुसतं वेबपेज आहे. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाब, टास्क मॅनेजर उघड आणि ब्राउझर एंड टास्क कर. पुन्हा उघडशील तेव्हा जुनी पेजेस रिस्टोअर करू नकोस.’ तसं केलं. मग फुल स्कॅन केला, काहीही निघालं नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे माझ्या वयाच्या प्रत्येकाला माहीत हवं. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

हडपसर, शिक्षिका

आमच्याकडे अँटीव्हायरस उघडला की आपोआप बंद व्हायचा. शंका तिथेच आली. विंडोज सिक्युरिटीत ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ आहे, तो विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधी तपासणी करतो. त्यात निघाला.

सिंहगड रोड, हिशेबांचं ऑफिस

टॅलीचा डेटा उघडेना. प्रत्येक फाइलीच्या नावापुढे अनोळखी चार अक्षरं आणि फोल्डरात खंडणीची चिठ्ठी: ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर निम्मे. एका मशीनवर कोणीतरी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवलं होतं, फाइली लॉक करून खंडणी मागणारा हा ‘स्टॉप डीजेव्हीयू’ व्हायरस त्यातून आला. आधी नेटवर्कच्या वायरी काढल्या. पैसे दिले नाहीत. ‘नो मोअर रॅन्सम’ ही युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने २०१६मध्ये सुरू झालेली साइट आहे, लॉक झालेल्या फाइली उघडणाऱ्या किल्ल्या (कोड) तिथे फुकट शोधता येतात. चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी ‘टी१’ असेल तर ऑफलाइन, म्हणजे व्हायरसमध्येच असलेली, किल्ली वापरलेली असते आणि फाइली सुटण्याची आशा असते. आमच्या आयडीत ते नव्हतं. वाचवलं ते कपाटात ठेवलेल्या, मशीनला न जोडलेल्या हार्ड डिस्कवरच्या बॅकअपने. लॉक झालेल्या फाइली टाकून दिलेल्या नाहीत, कारण किल्ली पुढेमागे मिळू शकते. शिवाय हा प्रकार फाइलीचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच लॉक करतो, त्यामुळे मोठ्या व्हिडिओंचा बराच भाग परत काढता येतो.

बाणेर, सॉफ्टवेअर इंजिनिअर

व्हायरस निघाला की लोक थांबतात, म्हणून लिहितोय. हल्लीचे चोरटे प्रकार मशीन बिघडवत नाहीत. ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकी (तुम्ही लॉगिन केलेलं आहे, ही साइटने ठेवलेली खूण) उचलून निघून जातात. चालू लॉगिनची कुकी हाती लागली तर ओटीपीचीही गरज पडत नाही. माझ्या मित्राने गेमसाठी उतरवलेल्या एका फाइलीतून हे झालं. डिफेंडरने ती पकडली, पण तोवर माहिती गेली होती. आम्ही दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, ‘साइन आउट ऑफ ऑल डिव्हाइसेस’ केलं, मग बँकेचे आणि बाकीचे पासवर्ड. त्यानंतर मेलच्या सेटिंग्ज तपासल्या, तर फॉरवर्डिंगचा एक नियम त्याच्या नकळत जोडलेला सापडला. पासवर्ड बदलल्यावरही त्याचे बँकेचे मेल अनोळखी पत्त्यावर जात होते. तो नियम काढला, तेव्हा ते बंद झालं.