मदत हवी आहे: माझ्या काल्पनिक देशात उमरावांचं राज्य टिकतच नाहीये

नमस्कार मंडळी,

एक दीर्घकथा लिहिते आहे. देश सर्वस्वी काल्पनिक, नाव तळवेर. खाडीच्या मुखाशी वसलेलं बंदर, मागे थोडी भातशेती, बाकी सगळा मीठ-मसाल्याचा व्यापार. राजा नाही. चोवीस घराण्यांची सभा राज्य करते आणि त्या घराण्यांत जन्मल्याशिवाय सभेत पाऊल ठेवता येत नाही. प्रत्येक घराण्याची स्वतःची गढी, स्वतःचे शिपाई, स्वतःची गलबतं. कथा सुरू होते तेव्हा हे सगळं तीनशे वर्षं सुखेनैव चालू आहे.

घोडं इथेच पेंड खातंय. कच्चा खर्डा घरात वाचायला दिला, तर नवऱ्याने दुसऱ्याच पानावर विचारलं, "यातलं सगळ्यात तालेवार घराणं बाकीच्यांना चेचून गादीवर का बसत नाही?" बहिणीचा प्रश्न त्याहून वाईट: "आणि बाकीचे लोक तीनशे वर्षं काय झोपले होते?"

जुलूम, अंधारकोठड्या, फटके असं काहीतरी घालून वेळ मारून नेता येईल, पण ते मलाच पटत नाही. असं राज्य खरोखर कुठे शतकानुशतकं टिकलं असेल, तर ते रोजच्या रोज चालायचं कसं, हे हवं आहे. शिवाय माझा नायक उमराव आहे पण कफल्लक आहे. असे लोक असायचे का, आणि ते पोट कसं भरायचे?

पुस्तकांची यादी देऊ नका प्लीज, ती माझ्याकडे ढीगभर आहे. वाचून झालेलं कोणी सांगत असेल तर हवंय.

– ओटीवरची

गलबतवाला

तुझं बंदर वाचून पहिल्यांदा व्हेनिसच आठवलं. तिथे उमरावांचं राज्य ठोकळमानाने पाचशे वर्षं टिकलं. 1297 मध्ये त्यांनी महासभेचं दार लावून घेतलं, म्हणजे सभासदत्व ठरावीक घराण्यांपुरतं राहील अशी तजवीज केली. पुढे 1506 पासून उमरावांच्या पोरांचे जन्म सरकारी वहीत नोंदवायला सुरुवात झाली, तिला सोनेरी वही म्हणत. वहीत नाव नाही तर सभेत जागा नाही. सोळाव्या शतकात त्या सभेत दोन-अडीच हजार माणसं होती, त्यामुळे तुझी चोवीस घराणी ठीक आहेत, पण एकेका घराण्याला भरपूर शाखा दे. चोवीस माणसांची सभा म्हणजे राज्य नव्हे, सोसायटीची कमिटी.

आता नवऱ्याच्या प्रश्नाकडे. त्यांनी प्रमुख ठेवला होता, त्याला डोजे म्हणत, तहहयात नेमणूक. पण निवडण्याची पद्धत 1268 पासून अशी होती: सभेतून चिठ्ठ्या टाकून 30 जण काढायचे. त्यातून पुन्हा चिठ्ठीने 9 उरवायचे. त्या 9 जणांनी 40 निवडायचे. 40 चे चिठ्ठीने 12. बारांनी 25 निवडायचे, त्यांचे चिठ्ठीने 9. नवांनी 45, त्यांचे चिठ्ठीने 11. अकरांनी 41 निवडायचे, आणि त्या 41 जणांनी डोजे निवडायचा, किमान 25 मतांनी. एका गटात एका घराण्याचा एकच माणूस. चिठ्ठ्यांऐवजी गोळे असायचे, आणि ते काढायला उमरावाचा पोरगा चालायचा नाही. सगळ्यात तरुण सल्लागाराने सेंट मार्कच्या चौकात जाऊन समोर दिसेल तो आठ-दहा वर्षांचा मुलगा हाताला धरून आणायचा.

वाचायला विनोदी वाटतं, पण विचार कर. यात लाच कोणाला देणार? शेवटचे 41 कोण असतील हे देवालाही ठाऊक नाही. ही पद्धत 1797 पर्यंत जवळपास तशीच चालली.

तिरकस

आमच्या सोसायटीच्या निवडणुकीला हीच पद्धत लावा, दोन वर्षं तरी वाद मिटेल.

अवांतर झालं, आता मुद्द्याचं. तो डोजे निवडून आला की त्याचे हाल बघा. परदेशातून आलेलं पत्र एकट्याने फोडायचं नाही, सल्लागार समोर हवेत. गादीवर बसताना लांबलचक शपथपत्र, आणि प्रत्येक नव्या डोजेच्या वेळी त्यात आणखी अटी. मेल्यावरही सुटका नाही: कारकिर्दीची चौकशी व्हायची आणि काही वावगं निघालं तर दंड वारसांकडून वसूल. एकाने, मारिन फालिएरोने, खरोखरच उमरावांना उलथून एकहाती सत्ता घ्यायचा कट केला. 1355 मध्ये त्याच्याच राजवाड्यात त्याचं डोकं उडवलं. महासभेच्या दालनात बाकी डोजेंची चित्रं ओळीने आहेत, त्याच्या जागी काळा पडदा रंगवलाय. रोज सभेला येणाऱ्या प्रत्येकाने तो बघायचा.

म्हणजे ताई, तुमच्या कथेत उमराव रयतेला घाबरताना दाखवू नका. ते एकमेकांना घाबरतात. सगळे कायदे त्या भीतीतून निघतात.

ओटीवरची

अरे वा, तो पडदा चोरणार आहे मी! आठ वर्षांच्या पोराची तर अख्खी उपकथा होईल.

पण माझ्या चोवीस घराण्यांकडे गढ्या आणि शिपाई आहेत. डोकं उडवायला निघाले तर तो गढीत जाऊन बसेल ना?

दफ्तरखाना

बरोबर पकडलंत. तिथेच तुमची गोची आहे, आणि त्यासाठी व्हेनिसला जायची गरज नाही, आपल्याकडचं पाहा.

शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता, लष्करी चाकरीपोटी मुलूख तोडून द्यायला ते नाखूश असत. राजाराम महाराजांच्या काळात नाइलाज झाला. इकडे मोगल सरदारांना वतनाची लालूच दाखवत होते, तिकडे खजिन्यात खडखडाट, मग आपल्या बाजूनेही वतनं आणि मुलूख द्यायला सुरुवात झाली. पुढे सरंजाम, म्हणजे लष्करी चाकरीपोटी दिलेले मुलूख, बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी जे लिहून ठेवलंय ते मुळातून वाचा: हे लोक राज्याचे भाऊबंदच, आहे त्यावर समाधान नाही, राजाशी निष्ठा पातळ आणि शेजाऱ्याचं ओढून घ्यायची खोड. माणूस अनुभवातून बोलतोय हे कळतं.

1774 ला राघोबादादांना बाजूला सारून बारभाईंनी कारभार हाती घेतला, तेव्हा थोडा वेळ तुमच्या तळवेरसारखी मंडळींची सत्ता दिसते. पण फौज शिंदे-होळकरांची, मुलूख त्यांचा, वसुली त्यांची. नाना फडणीस होते तोवर मोट बांधलेली राहिली. नाना 1800 मध्ये गेले आणि ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याच्या उंबरठ्यावर, हडपसरला, पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पेशवा पळाला तो वसईला, आणि वर्षअखेरीस इंग्रजांशी तह करून बसला.

सरदारांत कर्तबगारी कमी होती असं अजिबात नाही. पण ज्याच्याकडे स्वतःची फौज आणि स्वतःची वसुली आहे, तो सभेत येऊन हात वर कशाला करेल? गढ्या ठेवल्या तर तुमची गोष्ट तीनशे वर्षांची होत नाही, फार तर दोन पिढ्यांची.

गलबतवाला

दफ्तरखाना यांना दंडवत. आता हेच व्हेनिसला लावून बघा. शहरात उमरावांचे वाडे होते, गढ्या नव्हत्या. खाजगी फौज नाही. आणि मुख्य म्हणजे मोठी व्यापारी गॅली जहाजं सरकारी गोदीत बांधलेली, सरकारच्या मालकीची. दरवर्षी सरकार जाहीर करायचं की यंदा अलेक्झांड्रियाला इतकी जहाजं, फ्लँडर्सला इतकी, आणि त्या फेऱ्यांचा लिलाव उमरावांमध्ये व्हायचा. कुठल्या बंदरात थांबायचं, कधी निघायचं, भाडं किती, सगळं आधी ठरलेलं. मसाल्यातला नफा हवा तर सभेतल्या मंडळींशी जुळवून घ्या. भांडून बाहेर पडलात तर तुमच्याकडे जहाजच नाही.

तेव्हा माझं ऐकशील तर गढ्या पाड आणि गलबतं सभेच्या नावावर कर. निम्मे प्रश्न सुटतील.

ओटीवरची

गढ्या पाडायच्या म्हणजे पहिली तीन प्रकरणं गेली की हो! पण पटतंय. असं करते, दोनशे वर्षांपूर्वी एका घराण्याने बंड केलं आणि त्यानंतर सगळ्यांच्या गढ्या उतरवल्या, असं दाखवते. एक पडकी गढी ठेवते, मुलं तिथे पतंग उडवतात.

आता बहिणीचा प्रश्न. लोक गप्प का?

माजघर

गप्प का, याचं उत्तर "सगळ्यांना थोडं थोडं दिलं होतं" असं आहे.

उमरावांच्या खाली एक थर होता, पिढीजात नागरिकांचा. यांना मत नाही, पण सरकारी दफ्तरातल्या लेखनिकांच्या जागा यांच्यासाठी राखीव. त्यांचा सर्वांत वरचा अधिकारी, महालेखनिक म्हणा हवं तर, तहहयात पदावर असायचा. उमराव दर काही महिन्यांनी खुर्च्या बदलणार आणि कागद कुठे आहे हे मात्र यालाच माहीत. आपल्याकडे मंत्रालयात चक्कर मारलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. शिवाय मोठमोठ्या धर्मादाय मंडळ्या होत्या, पैसा रग्गड, मिरवणुका, उत्तमोत्तम चित्रकारांना कामं. तिथली पदं नागरिकांची, उमरावांना ती घेता येत नसत. मान मिळाला, काम मिळालं, की माणूस दार कशाला ठोठावतोय?

गोदीतल्या कामगारांचंही तसंच. पगार सरकारी. महासभा बसली की पहाऱ्याला हे लोक, आणि नवा डोजे निवडला की त्याला चौकातून खांद्यावरून मिरवायचा मान यांचा. डोजे वरून नाणी उधळायचा.

आणि दार पूर्ण बंद नव्हतं. जेनोवाशी युद्ध झालं, त्यात ज्यांनी पैसा ओतला अशा 30 घराण्यांना 1381 मध्ये आत घेतलं. सतराव्या शतकात क्रीट बेटासाठी तुर्कांशी लढाई लांबली आणि खजिना आटला, तेव्हा तर सरळ दरच लावला, 1 लाख डुकाट (तिथलं चलन) भरा आणि उमराव व्हा. जुन्या घराण्यांनी नाकं मुरडली, पैसे मात्र घेतले.

तुमच्या नायकाविषयी: होते, असे कफल्लक उमराव चिक्कार होते. बरेचसे सान बार्नाबा नावाच्या वस्तीत स्वस्त भाड्याने राहायचे, म्हणून त्यांना त्या वस्तीवरूनच नाव पडलं. हातकाम करायचं तर अब्रू जाते, धंद्याला भांडवल नाही, पण महासभेतलं मत शाबूत. मग तेच विकायचं. राजवाड्याच्या कमानींखाली मतांचा बाजार भरायचा, पद हवं असलेला श्रीमंत उमराव तिथे येऊन गरीब उमरावाला वाकून नमस्कार करायचा. बाहेर काळा झगा, आत दोन वेळच्या जेवणाची भ्रांत. तुमचा नायक इथेच उभा करा, कथा आपोआप चालेल.

तिरकस

माजघरताईंचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे.

एक उलटं उदाहरणही घ्या, म्हणजे शेजारी देश म्हणून वापरता येईल. पोलंड-लिथुआनिया. तिथे उमराव मूठभर नव्हते, भरमसाट होते, शंभरात आठ-दहा तरी. कायद्याने सगळे समान, लाखो एकरवाला आणि एक म्हैसवाला एकमेकांना भाऊ म्हणणार. राजा सुद्धा हेच निवडायचे. आणि संसदेत एका सभासदाने "मला मान्य नाही" म्हटलं की अख्खं अधिवेशन बोंबललं. हा नकाराधिकार असा पहिल्यांदा 1652 मध्ये वापरला गेला आणि मग चटकच लागली. बड्या जमीनदारांकडे खाजगी फौजा (दफ्तरखाना, ऐकताय ना?), आणि शेजारच्या राजांना एक सभासद विकत घेतला की काम फत्ते. 1791 च्या मे महिन्यात नवी राज्यघटना करून तो नकाराधिकार काढला, पण तोवर फार उशीर झाला होता. 1772, 1793, 1795 अशा तीन घासांत देश नकाशावरून गायब.

ओटीवरची

शेजारी देश मिळाला! माझा खलनायक तिथूनच पैसे पाठवतो.

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. तळवेर बुडतं कसं? मी जनतेचा उठाव लिहिला होता, राजवाडा पेटतो वगैरे.

गलबतवाला

मी उठाव नसता लिहिला. व्हेनिसचं काय झालं बघ. नेपोलियन दारात आला. 12 मे 1797 ला महासभा बसली, गणपूर्तीला 600 लागायचे, आले 537. नियम मोडून मतदान घेतलं आणि उमरावांनी स्वतःचंच राज्य बरखास्त केलं. तेवढ्यात बाहेर बंदुकांचे बार झाले. निरोप घेणाऱ्या दाल्मेशियन शिपायांची ती सलामी होती, पण आतले समजले बंड झालं आणि झगे टाकून पळाले. रस्त्यावर लोक जमले होते ते सेंट मार्कचा, म्हणजे शहराच्या रक्षक संताचा, जयजयकार करत, राज्य टिकावं म्हणून. फ्रेंचांच्या बाजूचे म्हणून ज्यांच्यावर संशय होता त्यांची घरं लोकांनी फोडली.

म्हणून उठाव ठेवायचाच तर उलटा ठेव. रयत सभेच्या बाजूने रस्त्यावर उतरते आणि सभाच मागच्या दाराने निघून जाते. त्या दिवशी गणपूर्तीला काही माणसं कमी पडताहेत आणि तुझा कफल्लक नायक मत विकायला कमानीखाली उभा आहे. तो आत जातो की नाही, हे तू ठरव.

ओटीवरची

जातो. पैसे आधी घेतो आणि मग जातो. पहिली तीन प्रकरणं पाडायला घेतली आहेत, नवा खर्डा झाला की इथेच टाकते. दफ्तरखाना, सरंजामाच्या सनदेत साधारण काय मजकूर असायचा ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू शकाल का? गढी उतरवण्याचा हुकूम त्या थाटात लिहायचा आहे.