सर्व्हायवल गेममधलं क्राफ्टिंग किती खरं असावं? सुंभाच्या दोरीवर अडलोय

खाडीकाठ (वेंगुर्ला):
नमस्कार मंडळी. रिकाम्या वेळात एक सर्व्हायवल गेम बनवतोय, एकटाच, गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. गलबत फुटलं, माणूस कोकण किनाऱ्याला लागला, समोर समुद्र, मागे खाडी, माड, कांदळवन, आणि पावसाळा तोंडावर. त्याच्या आत छप्पर पाहिजे आणि नंतर परत जायला होडी. घोळ झालाय तो दोरीत. मी सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, खरंच जसं करतात तसंच ठेवलंय, म्हणजे नारळ सोलायचे, सोडणं (नारळाची जाड सालं) खाडीच्या चिखलात पुरायची, कुजली की काढून बडवायची, काथ्या धुवायचा, वाळवायचा, पिंजायचा आणि मग वळायचा. मित्राला खेळायला दिला तर तो म्हणतो दोरी हातात येईपर्यंत मला झोप लागली, राफ्ट नावाच्या गेममध्ये माडाची दोन पानं टाकली की दोरी तयार होते. त्याचंही चूक नाही. पण दोन पानांची दोरी मी दाखवली तर आमच्या वाडीतली जाणती माणसं मला हसतील. किती ठेवू, किती कापू?

रविवारचा_खेळाडू (रत्नागिरी):
काप रे सगळं. माइनक्राफ्टमध्ये झाड हाताने बुक्के मारून पडतं, एका ओंडक्याच्या चार फळ्या, तीन फळ्या आणि दोन काठ्या की कुदळ तयार, कुदळीचं पातं दांड्याला बांधलं कशाने हे आजवर कोणी विचारलं नाही. आठ दगडांची भट्टी, त्यात लाकडाची फळी जाळून दहा सेकंदात लोखंड. खऱ्या लोखंडाला वितळायला १५०० अंशांच्या वर जावं लागतं, जुने लोहार तर ते वितळवायचेच नाहीत, कोळशाच्या भट्टीत त्याचा गोळा काढून ठोकायचे. तरी गेम २०११ पासून धो धो चालतोय ना? लोक कामावरून दमून येतात, तासभर खेळतात, त्यांना काथ्याचा क्लास लावू नकोस.

कांदळवनातला_खेकडा (मालवण):
अरे बाबा, सोडण कुजल्याशिवाय काथो सुटणा नाय! 😄
मस्करी सोड, पण तुझ्या गेममध्ये कुजवायला वेळ किती लागतो ते लिही. खरं म्हणशील तर सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत. आणि कुठेही पुरून चालत नाही, भरती-ओहोटीचं पाणी ये-जा करणारी जागा लागते, साठलेल्या पाण्यात काथ्या काळा पडतो आणि कच्चा राहतो. पुरायची ती हिरव्या पण भरलेल्या नारळाची सोडणं, साधारण दहा-अकरा महिन्यांचा नारळ. शहाळ्याचं घेतलंस तर धागा कोवळा, वळताना तुटतो. आणि काढताना जो वास सुटतो तो तुला गेममध्ये देता येणार नाही, हे खेळणाऱ्यांचं नशीब.

बडवणं बघितलंयस का कधी? कुजलेलं सोडण दगडावर ठेवायचं, वरची साल आधी ओढून काढायची, ती सहज निघाली तर समजायचं झालं, नाही निघाली तर परत चिखलात. मग लाकडी दांडक्याने हाणायचं, मधला भुसा उडून जातो आणि हातात सोनेरी झुपका उरतो. तुझा मित्र कंटाळला असेल तर तो बडवण्याला कंटाळला असेल, कुजण्याला नाही. बडवायला किती क्लिक ठेवलेस?

खाडीकाठ:
एका सोडणाला बारा 🙈

भांगाची_भरती (गुहागर):
बारा क्लिक म्हणजे खरंपणा नव्हे, मजुरी झाली. मला वाटतं तू खरं आणि लांबलचक यात गल्लत करतोयस. पायऱ्या किती आहेत याला काही अर्थ नाही, त्यातल्या कुठल्या पायरीवर खेळणाऱ्याला डोकं चालवावं लागतं ते बघ, तेवढी ठेव आणि बाकीच्या एका बटणात गुंडाळ.

व्हॅलहाइम हा गेम घे. दोन तांबं, एक कथील, झालं कांस्य, खऱ्या कांस्यात कथील याच्या बरंच कमी असतं पण कुणाला फरक पडत नाही. हत्यार मोडलं तर टेबलाजवळ जाऊन फुकट दुरुस्त. पण धातू पोर्टलमधून, म्हणजे एका जागेहून दुसरीकडे क्षणात नेणाऱ्या जादूच्या दारातून, नेता येत नाही, मग जहाज बांधा, वारा बघा, माल भरा आणि घरी येईपर्यंत जीव मुठीत धरून बसा. पोर्टलमधून धातू जात नाही यात खरं काय आहे? काहीच नाही, पोर्टलच खोटं. तरी ओझं वाहून आणल्याचं जे वाटतं ते अगदी खरं. नंतर त्यांनी ही अट काढायची सोय दिली, मी चालू केली नाही, मजाच जाते.

आता एकच वस्तू दोन गेममध्ये बघ, कातडं. द लाँग डार्कमध्ये हरणाचं कातडं आणि आतडी घरात जमिनीवर टाकायची, दिवस गेले की वाळतात, मग बूट शिवा. कमावणं वगैरे सगळं गाळलं, फक्त वाट बघणं ठेवलं, आणि तेवढ्यात तू सरपण आणतोस, थंडीने मरायला टेकतोस. व्हिंटेज स्टोरीत मात्र कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवा, खरवडा, मग ओकच्या नाहीतर बाभळीच्या जातीच्या लाकडाच्या पाण्यात आधी पातळ मग घट्ट, असं सगळं साग्रसंगीत. मला दुसरं जास्त आवडतं, पण का आवडतं तर पिंप बंद करून ठेवलं की मी मोकळा. तिथेच मातीचं भांडं एकेक ठोकळा ठेवून घडवायचं असतं, पहिलं भांडं करताना भारी वाटतं, नंतर नंतर वीट येतो. आणि ऐरणीवर पत्रा ठोकून हात दुखले की पवनचक्कीवर चालणारा मोठा हातोडा बांधता येतो, तो ठोकत बसतो. आधी स्वतः कर, मग सुटका मिळव, हे मला फार पटलं.

तर तू बडवणं एकदाच हाताने करायला लाव, पुढच्या वेळी ढीग टाकला की आपोआप. कुजवणं मात्र काढू नकोस. जागा निवडायला लाव. चुकीच्या जागी पुरलं तर काळा काथ्या, दोरी लवकर तुटेल, मेनूत काही सांगायची गरज नाही, समुद्रात कळेल.

रविवारचा_खेळाडू:
हे सगळं लॅपटॉपवर बसून तासन्‌तास खेळणाऱ्यांचं झालं. सबनॉटिका गेममध्ये एक मशीन आहे, मासा टाका पाणी घ्या, विषय संपला, पुढच्या जमान्याचं मशीन म्हटलं की कुणी काही विचारत नाही. मी अजून म्हणतो सरळ काप.

भांगाची_भरती:
त्याच्या गेममध्ये गलबत फुटलंय, अंतराळयान नाही.

खाडीकाठ:
😂 बरं, पण सहा महिने वाट कशी बघायला लावू? दोरी तर पहिल्या दिवशी लागते, छपराला माडाचे झाप बांधायला.

कांदळवनातला_खेकडा:
पहिल्या दिवशी सुंभ कशाला, केळीचं सोपट (खोडाचे पापुद्रे) दे की. ओढून काढलं, ओलं करून बांधलं, झालं. ते टिकत नाही, पावसात कुजतं, खाऱ्या पाण्यात तर विचारूच नको. छपराला चालेल, होडीला नाही. काथ्या खाऱ्या पाण्यातही तग धरतो म्हणून तर अरबी समुद्रात फळ्या काथ्याने शिवून होड्या बांधायचे, लोखंडी खिळा न मारता. म्हणजे दोन दोऱ्या, एक आत्ताची, एक होडीची. होडीची पाहिजे असेल तर पाऊस लागायच्या आत सोडणं पुरून मोकळा हो, पावसाळा छपराखाली काढ, समुद्र निवळला आणि सहा महिने भरले की उकर. तसाही पावसात होडी घालून जाणार कुठे?

आणि शहाळ्याचं विसरू नकोस. माडाला साधारण महिन्याला एक पेंड (नारळांचा घड) येते. तहान लागली म्हणून शहाळी पाडत सुटलास तर सोडणं भरणार कधी? पाणी पिऊ का दोरी करू, हा प्रश्न खेळणाऱ्याला पडला पाहिजे. स्ट्रँडेड डीप गेममध्ये जास्त नारळ प्यायलं की जुलाब होतात, तुझ्याकडे होडी अडेल.

खाडीकाठ:
हे जबरदस्त आहे. पेंडींचा हिशोब कोडमध्ये आहेच, फक्त शहाळं पाडलं की ती पेंड गेली एवढं जोडायचं. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) पण तिथीप्रमाणे चालू केलंय, पण त्याचा उपयोग फक्त मासे पकडायला होता. आता पुरायची जागा त्याच्यावर ठरवतो. उधाणाला जिथवर पाणी चढतं पण भांगाला पोचत नाही तिथे पुरलं तर सोडणं मधेच आठवडाभर कोरडी पडतील, ते चुकीचं धरू ना?

कांदळवनातला_खेकडा:
चुकीचंच. खाली, रोज दोन वेळा पाणी येतं तिथे पूर, वर झावळ्या आणि चिखल दाबून, नाहीतर तरंगून वर येतात. दाबायचं विसरला तर ओहोटीबरोबर वाहून जाऊ देत.

रविवारचा_खेळाडू:
वाहून गेली की मी गेम अनइन्स्टॉल करणार, आधीच सांगतो. मोबाईलवर कधी टाकतोयस?