रिझ्युम आणि नोकरीच्या अर्जातल्या चुका : तुमचे अनुभव लिहा

गवती_चहा : भाचीचं इंजिनिअरिंग झालंय, रोज अर्ज टाकतेय, कुठूनच फोन नाही. भरती करणाऱ्यांनी, फॉर्म भरून देणाऱ्यांनी, सगळ्यांनीच लिहा, फुटकळ वाटलं तरी चालेल.

लेथवाला : चाकणला आमच्याकडे आयटीआय-डिप्लोमावाल्यांचे ढिगाने येतात. 'सीएनसी ऑपरेटर, २ वर्षं', संपलं. अरे बाबा मशीनचा कॉम्प्युटर कंट्रोल फॅनक कंपनीचा का सिमेन्सचा, सेटिंग स्वतः करायचास का नुसता जॉब (कापायचा तुकडा) लावून बटण दाबायचास, ते लिही ना! एकाने 'बोअर ०.०२ मध्ये काढतो, ऑफसेट स्वतः देतो' एवढंच लिहिलेलं, म्हणजे भोक ०.०२ मिलिमीटरपर्यंत अचूक आणि टूलची सेटिंगमधली दुरुस्तीही स्वतः, त्याला लगेच बोलावलं. वडिलांचं नाव, धर्म, हॉबी क्रिकेट, कोण वाचतंय?

सेतू_लातूर : माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. आयबीपीएसला (बँक भरतीची परीक्षा) सही कॅपिटल अक्षरात चालत नाही असं जाहिरातीतच असतं, तरी पोरं छापील अक्षरात करून आणतात. सही १० ते २० केबी, फोटो २० ते ५०, यांनी व्हॉट्सॲपवरचा धुरकट फोटो पाठवायचा. आणि ५९.९९ टक्के म्हणजे ६० नाही!! भांडतात माझ्याशी, दादा राउंड करून टाका म्हणे. टाकलं तर परीक्षा देशील, कागद तपासताना बाहेर जाशील त्याचं काय. लग्न झालेल्या पोरींचं दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्यांनी नावबदलाच्या गॅझेटचं काम जाहिरात निघायच्या आधीच उरकून ठेवावं.

स्टुटगार्टकर : इकडे जर्मनीत तारखा महिन्यासकट लागतात, नुसतं '२०१९-२०२१' लिहिलं की मधे काय लपवलंय असं वाटतं त्यांना. फोटो सक्तीचा नाही पण बरेच जण लावतात. अमेरिकेत उलट, फोटो आणि जन्मतारीख दोन्ही नको.

तिरकस : भाचीचा रिझ्युम दोन कॉलमचा, रंगीत पट्ट्यांचा आहे का? पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे खिचडी झाली तर कंपनीच्या रिझ्युम वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही बऱ्याचदा खिचडीच दिसते, आणि चित्रात टाकलेला फोन नंबर तर येतच नाही.

गवती_चहा : आत्ता केलं. ईमेल आलाय, नंबर नाही 😐 बदलते. नोटीस पिरियड, सध्याचा पगार वगैरे लिहायचं का हो, इंटर्नशिप चालू आहे तिची.

लेथवाला : पगार नको. कधीपासून जॉइन होऊ शकते ते मात्र वरतीच टाका, आम्ही आधी तेच बघतो.